कान देऊन: एनोचं काय ऐकावं आणि कशावर पैसे घालावेत

मागच्या अंकात ब्रायन एनोवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं चार लोकं वाचतील, त्यातले दोन घरचेच. पण परभणीपासून धाराशिवपर्यंत इतके मेसेज आले, दोन तर चक्क पोस्टकार्डं, की संपादक म्हणले यावेळी पूर्ण सदर प्रश्नोत्तरालाच देऊन टाका. ज्यांचा मागचा अंक रद्दीत गेलाय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, हा इंग्लंडचा माणूस, १९४८चा जन्म, आधी रॉक्सी म्युझिक नावाच्या बँडात सिंथेसायझर वाजवायचा, १९७३ला तिथून बाहेर पडला आणि पुढं १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासून 'अँबियंट', म्हणजे खोलीत वातावरणासारखं नुसतं आजूबाजूला राहणारं संगीत, हे नावच त्यानं रूढ केलं. चला आता.

दादा, तुमचं वाचून ते एअरपोर्टवालं लावलं, पंधरा मिनिटांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी परत लावलं, परत झोप. यात गाणं नेमकं कुठं हाय? का आम्हालाच कळत नाही? – एक वाचक, परभणी

झोप लागली तर एनोला राग येणार नाही बगा. त्याचं म्हणणंच असं की या संगीताकडं दुर्लक्ष करता आलं पाहिजे, आणि कान दिला तर तितकीच गोडी पण वाटली पाहिजे. तुम्ही पहिला भाग पूर्ण केलाय, आता दुसरा करा. त्या रेकॉर्डवर चार तुकडे आहेत, नावं पण आकडेच, त्यातला दुसरा लावा, ज्यात नुसते 'आ' लावलेले माणसांचे आवाज येतात. तिथं प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या तुकड्यावर गोल गोल फिरतोय आणि प्रत्येक तुकड्याची लांबी वेगळी, एक सूर दर २३.५ सेकंदांनी येतो, दुसरा जवळजवळ २६नी, तिसरा जवळजवळ ३०नी. आता पोळ्याला तीन बैलं तीन चालींनी वेशीकडं निघालेत असं समजा, प्रत्येकाच्या गळ्यातली घंटी आपल्या चालीनं वाजायलीय, कधी दोन एकदम पडतात, कधी तिन्ही जवळजवळ येतात, कधी मधी नुसतीच शांतता. कुणी बसून चाल बांधलेली नाही पण चाल तर ऐकू येतेच. टेप फिरवायला सोडली आणि एनो बाजूला झाला, एवढंच त्याचं काम. (एवढंच म्हणलो पण कोणता सूर घ्यायचा आणि किती लांब ठेवायचा यातच सगळी गंमत आहे, नाहीतर आम्ही पण केलं असतं.) पहिल्या तुकड्यातला पियानो रॉबर्ट वायटचा आहे, तो न झोपता एकदा ऐका.

आणि आवाज कमी ठेवा. हे सगळं सुरूच तिथून झालंय. १९७५च्या जानेवारीत एनोला टॅक्सीनं उडवलं, घरी पडून होता, भेटायला आलेल्या मैत्रिणीनं अठराव्या शतकातल्या हार्पची रेकॉर्ड आणून दिली. ती गेल्यावर यानं कशीबशी लावली आणि परत आडवा झाल्यावर लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि एक स्पीकर तर बंदच. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. तर ते हार्प पावसात मिसळून कुठं कुठं एखादा सूर तेवढा वर यायला लागला. त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' आलं.

सर, मी कॉलेजला आहे, सेकंड हँड टर्नटेबल घेतलाय. एनोच्या 'हाफ स्पीड' रिइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डी परत काढलेल्या, दिसायल्यात पण लई महाग आहेत. हाफ स्पीड म्हणजे ते अर्ध्या वेगानं वाजतं का? आणि घ्यावं का? पप्पा म्हणतात एवढ्यात दोन सेमिस्टरची पुस्तकं येतात. – लातूर

पप्पांचं बरोबर आहे हे आधी सांगून टाकतो.

आता हाफ स्पीड. नाही, वाजतं नेहमीच्याच वेगानं. रेकॉर्डची मास्टर डिस्क कापताना मूळ ध्वनिमुद्रण पण अर्ध्या वेगानं चालवतात आणि कापायचं मशीन पण, म्हणजे कापणाऱ्या सुईला प्रत्येक बारकाव्यासाठी दुप्पट वेळ मिळतो, वरचे बारीक सूर जास्त स्वच्छ उतरतात. २०१७ला एनोचे सत्तरच्या दशकातले गाण्यांचे चार अल्बम असे निघाले आणि २०१८ला 'डिस्क्रीट म्युझिक', 'म्युझिक फॉर फिल्म्स', 'एअरपोर्ट्स', 'ऑन लँड' हे चार, ॲबी रोड स्टुडिओत कापलेले, ४५ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, दोन दोन तबकड्या. आवाज खरंच चांगला आहे. पण माझं मत विचारशील तर 'डिस्क्रीट म्युझिक'चा मुख्य तुकडा आहे तीस मिनिटांचा, १९७५ला तो एका बाजूवर अखंड बसवला होता, ४५वर तबकडी जोरात फिरते, एका बाजूवर कमी मावतं, म्हणून तो मधे तुटतो आणि तुला उठून बाजू पालटावी लागते. ज्या संगीताचा जन्मच उठता न आल्यामुळं झाला त्याच्यासाठी मधेच उठायचं? मला नाही पटत. 'ऑन लँड' घेतलं तर चालेल, त्यात तुकडे छोटे आहेत.

उलट १९८५चं 'थर्सडे आफ्टरनून' बघ, ६१ मिनिटांचा एकच तुकडा, सीडी तेव्हा नवीन होती आणि एवढं अखंड वाजवायची सोय पहिल्यांदाच झाली म्हणून तिच्यासाठीच केलेला. जुन्या बाजारात सीडी मिळाली तर सोडू नको, कुणी घेत नाही आजकाल.

खरोखर अर्ध्या वेगाचं ऐकायचंय तर ते पण आहे. १९७३ला रॉबर्ट फ्रिपच्या गिटारीबरोबर 'नो पुसीफूटिंग' केलं, दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यात घातली, म्हणजे वाजवलेलं फिरून फिरून परत येत राहतं. त्या डिसेंबरात बीबीसी रेडिओवर जॉन पील नावाच्या निवेदकानं ते चुकून उलटं वाजवलं. २००८च्या रिइश्यूत हे उलटे तुकडे मुद्दाम घातलेत आणि एक तुकडा अर्ध्या वेगानं पण. याला मी रिइश्यू म्हणतो, नुसतं नवीन खोकं नाही.

यात माझा थोडा स्वार्थ आहे, खरं सांगतो. विद्यापीठात असताना संभाजीनगरात, तेव्हाचं औरंगाबाद, मित्रानं 'एअरपोर्ट्स'ची कॉपी केलेली कॅसेट दिली होती आणि माझ्या टेपचा बेल्ट सैल होता, जरा रेंगाळत चालायचा. सहा सात वर्षं मी तेच ऐकलं. नंतर सीडी मिळाली तर वाटलं हे लोकं एवढ्या घाईत का आहेत, सूर पण चढलेला. अजून मला माझी कॅसेटच खरी वाटते.

आदरणीय संपादक, आपल्या लेखकाने या गोऱ्या माणसाचे फार कौतुक केले. आमच्याकडे तानपुरा शतकानुशतके हेच करतो. यात नवीन ते काय? – एक निवृत्त संगीत शिक्षक, नांदेड

मास्तर, नमस्कार. तुमचं पोस्टकार्ड मी दोनदा वाचलं, अक्षर बघूनच शाळेत गेल्यासारखं झालं.

तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे आणि तिकडच्या लोकांनी ते कबूलही केलंय. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच भाऊबंदांतले, ते १९७०ला अमेरिकेत गेले आणि तिथं ला माँट यंग, टेरी रायली असे मोठे मोठे संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. जॉन हॅसेल नावाचा ट्रम्पेटवाला पण प्राणनाथांकडंच शिकला, मींड गळ्यातून येते तशी ट्रम्पेटातून काढायचा त्याचा खटाटोप, आणि १९८०ला त्यानं एनोबरोबर 'फोर्थ वर्ल्ड, भाग पहिला: पॉसिबल म्युझिक्स' केलं. त्याचं १९७७चं 'व्हर्नल इक्विनॉक्स' बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२०ला परत निघालं. मास्तर, एनो राहू द्या, हे मात्र ऐकाच, डोळे मिटून ऐकलं तर आधी वाटतं कुणीतरी लांबून आलाप करतंय.

पण नवीन काय ते सांगतो. आपल्याकडं तानपुरा गायकासाठी असतो, गायक उठला की तानपुऱ्याला गवसणी. एनोकडं गायक उठून गेलाय आणि तानपुरा तसाच चालू आहे, आणि लोकं उठली नाहीत. बरं का वाईट ते तुम्ही ठरवा, पण वेगळं आहे.

(आणि आपल्याकडचंच म्हणाल तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत, १९६९ला मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता, गीता साराभाई, एस. सी. शर्मा वगैरे मंडळींनी त्यावर केलेलं काम टेपांवर तसंच पडून होतं, २०२३ला त्याची रेकॉर्ड निघाली. पन्नास वर्षं कुणाला पत्ता नव्हता. त्यावर वेगळं लिहीन.)

विंडोज ९५ सुरू करताना वाजायचं ते पण याचंच ना? आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वीस मशीन एकदम सुरू व्हायच्या. – बीड

हाव, त्याचंच. मागणी होती सव्वातीन सेकंदांची, यानं ८४ तुकडे करून दिले, निवडलेला सहा एक सेकंदांचा आहे. वीस मशीन थोड्या मागं पुढं सुरू होत असतील तर तुमच्या क्लासमध्ये रोज सकाळी एनोची मैफलच व्हायची की!

लेखकमहाशय, तुम्ही लिहिलंत की 'अँबियंट ३' वरचं वाद्य एनोनं वाजवलं. साफ चूक. – जालना

चूक माझी, कबूल. 'अँबियंट ३: डे ऑफ रेडियन्स', १९८०, हे पूर्ण लाराजीचं आहे. हा न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत झिदर, म्हणजे आपल्या संतूर-स्वरमंडळाच्या कुळातलं तारांचं वाद्य, वीजेवर जोडून वाजवत बसायचा, एनोनं तिथं ऐकलं आणि स्टुडिओत बोलावलं. एनो फक्त निर्माता. 'एअरपोर्ट्स'पासून सुरू झालेल्या त्या 'अँबियंट' मालिकेतलं दुसरं हॅरॉल्ड बडच्या पियानोचं, 'प्लॅटोज ऑफ मिरर'. पहिलं सगळे ऐकतात, दोन आणि तीन कुणी विचारत नाही, म्हणून रागावून का होईना तुम्ही ते नाव काढलंत ते बरं झालं.

दादा, मी नर्स आहे, नाइट करून आल्यावर 'एअरपोर्ट्स' लावते. ते पाठ झालं आता. ज्याचं नाव कुणी घेत नाही असं काही सांगा ना. – अंबाजोगाई

ताई, 'द शुतोव्ह असेंब्ली' लावा, १९९२चं. सर्गेई शुतोव्ह नावाचा मॉस्कोचा चित्रकार एनोचं संगीत लावून चित्रं काढायचा पण तिकडं रेकॉर्डी मिळायच्या नाहीत, तर एनोनं आपले पडून असलेले तुकडे एका टेपवर गोळा करून त्याच्यासाठी तयार केले, त्याचाच हा अल्बम झाला. मॉस्कोत मिळत नव्हतं, आमच्याकडं सैल बेल्टवर मिळायचं, म्हणून मला याची जरा जास्तच माया. २०१४च्या रिइश्यूत जादा तुकड्यांची आणखी एक सीडी दिलीय. त्याच वेळी 'नेरोली' पण परत आलं, जवळजवळ तासाचं, नाइटनंतर झोपायला तेच बरं, त्याच्या जोडीला 'न्यू स्पेस म्युझिक' नावाचा लांबलचक तुकडा दिलाय, मला त्याचा थोडा कंटाळा आला.

दुसरं म्हणजे ऑब्स्क्युअर रेकॉर्ड्स. हे एनोनं १९७५ ते ७८ चालवलेलं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, फक्त दहा रेकॉर्डी, त्यातली तिसरी 'डिस्क्रीट म्युझिक', बाकी बहुतेक दुसऱ्यांच्या. पहिलीच गॅव्हिन ब्रायर्सची, एका बाजूला बुडणारी टायटॅनिक आणि तिच्यावर शेवटपर्यंत वाजवत राहिलेला बँड, दुसऱ्या बाजूला एका बेघर म्हाताऱ्यानं गायलेली भजनाची एक ओळ, ती सतत फिरत राहते आणि तिच्याभोवती हळूहळू वाद्यं गोळा होत जातात. ड्युटीवरून आल्या आल्या ही दुसरी बाजू लावू नका ताई, रडायला येतं. सुट्टीच्या दिवशी लावा. दहाही रेकॉर्डींचा एकत्र संच २०२३ला इटलीत निघालाय, तो मी पण घेतलेला नाही, परवडत नाही.

रात्रीची लाइट असती म्हणून मोटार चालू करून शेतात बसतो, फोनवर 'ऑन लँड' ऐकायलोय. बाहेरचे बेडूक कोणते आणि रेकॉर्डमधले कोणते तेच कळंना. पूर्वी मी रेडिओ दुरुस्ती करायचो. घरी जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याच्यावर हे कसं ऐकावं? – कळंबजवळून, जि. धाराशिव

भाऊ, पूर्ण टपालात हे पत्र मला सगळ्यात आवडलं. बेडूक रेकॉर्डमध्ये पण आहेत, तुमचे कान ठीक आहेत. १९८२चं हे, एनोचं सगळ्यात चांगलं काम असं माझं मत, एअरपोर्टवाल्यांनी भांडायला यावं. तो घानाला गेला होता तेव्हा संध्याकाळी अंगणात माइक मांडून हेडफोनवर नुसतं आजूबाजूचं ऐकत बसायचा, तिथून हे सुचलं. सिंथेसायझर कमी, साखळ्या, काठ्या, दगड यांचे आवाज, जुन्या टेपा त्यातच मुरवलेल्या. तुकड्यांची नावं बहुतेक त्याच्या लहानपणच्या भागातली, दलदल, टेकडीवरचं रान, आणि डनिच, हे गाव तर समुद्रानं शतकानुशतकं खात खात जवळजवळ संपवलंय. आपल्याकडं पाणी गाव गिळतं ते धरणात, पण ते वेगळं.

आता ॲम्प्लिफायर. या रेकॉर्डच्या कव्हरवरच एनोनं जोडणी काढून दिली होती. दोन स्पीकर नेहमीसारखे पुढं. तिसरा स्पीकर मागं, तुमच्या पाठीशी, आणि त्याच्या दोन वायरी ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन्ही लाल टर्मिनलांना, काळ्याला काहीच नाही. मग त्या मागच्या स्पीकरातून दोन्ही बाजूंत जे सारखं आहे ते येतच नाही, फक्त फरक तेवढा येतो, आणि 'ऑन लँड'मध्ये बेडूक-किडे त्या फरकातच बसलेत. तिसरा स्पीकर भारी नको, जुन्या रेडिओतला पण चालेल, फक्त ओहम कमी नको, आठ असला तर बरा.

हे जुन्या ॲम्प्लिफायरवरच करा, आणि त्याच्या दोन्ही काळ्या टर्मिनल आतून एकच आहेत का ते मीटर लावून आधी बघा, तुम्हाला सांगायला नको. आजकालच्या छोट्या डिजिटल बोर्डांवर केलं तर बोर्ड जातो. एक माझा गेलाय.