डिलीट केलेला मेसेज आणि राहून गेलेली यादी

“मॅडम, चार मिनिटांत डिलीट केला हो मेसेज. तरी स्क्रीनशॉट साहेबांपर्यंत गेलाच. काढतेत का आता मला?”

समोर पंचविशीतला मुलगा. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात कंत्राटी डेटा ऑपरेटर. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.) सप्टेंबर २०२५ची अतिवृष्टी, सोयाबीन पाण्यात, पंचनाम्यांचे आकडे रोज वर पाठवायचे. रात्री साडेअकराला साहेबांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर याचं नाव घेऊन विचारलं, “माहिती का आली नाही?” यानं लिहिलं, “आधी बांधावर येऊन बघा, मग आकडे मागा.”

दोन रात्री झोप नव्हती. तेच वाक्य मी त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. अर्ध्यावरच आवाज बसला. “तोंडावर असं बोललो नसतो.” राग खोटा नव्हता, त्याचं स्वतःचं रानही पाण्याखाली होतं. हे मी त्याला आधी सांगितलं, कारण लाजेनं दबलेल्या माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही.

मेसेज दाखवताना मात्र त्यानं कालच टाकलेली एक फाईल दिसली. शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, बँक खाती, आधार क्रमांक. ग्रुपात दोनशे जण, निम्मे कार्यालयाबाहेरचे.

“ही कुणाला हवी होती?”

“दोन तलाठ्यांना.” मग तो बराच वेळ गप्प.

दोन दिवस उलटले नव्हते, म्हणून ‘सर्वांसाठी हटवा’ चाललं. ज्यांनी फाईल उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती राहिलीच. शासनाचं जुलै २०२५चं समाजमाध्यमांबद्दलचं परिपत्रक कंत्राटींनाही लागू आहे. कामाच्या समन्वयासाठी ग्रुप चालतो. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवलेला चालत नाही. नोकरी राहील की नाही, याची हमी मी दिली नाही.

शब्द चारचौघांत गेले होते, म्हणून माफीही ग्रुपवरच. त्यानं आठ ओळी लिहिल्या, त्यात तीनदा ‘पण’. खोडत खोडत उरलं ते असं: “परवा रात्री रागात चुकीच्या भाषेत लिहिलं. माफ करा. राहिलेल्या तीन गावांची माहिती उद्या बारापर्यंत देतो.” रात्रीच्या मेसेजचा त्रास साहेबांना समोर बसून सांगायचा, असंही ठरलं.

दारात थांबून त्यानं विचारलं, “आधी माफी मागू, का यादीचं सांगू?”

“यादीचं,” मी म्हटलं. “आणि आजच.”