इतिहास नीट वाचला की प्रोटेस्टंट राहता येत नाही, हे खरं आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिल्या काही शतकांचा इतिहास प्रामाणिकपणे वाचणारा रोमकडे, म्हणजे कॅथलिक चर्चकडे, वळतोच, असं तुमचा कॅथलिक मित्र म्हणतो. आणि बायबल हेच अंतिम प्रमाण असेल तर ते मानणाऱ्यांचे इतके पंथ का, हे त्याचं दुसरं टोचणं. मी प्रोटेस्टंट घरात वाढलो, त्यामुळे माझं पारडं थोडं तिकडे झुकणार, एवढं धरून पुढचं वाचा. पण हे प्रश्न हसून टोलवण्यासारखे नाहीत.

इतिहासात खोल उतरणारा प्रोटेस्टंट राहत नाही, हे म्हणणं मुळात जॉन हेन्री न्यूमन यांचं. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, धर्मगुरू होते आणि १८४५ मध्ये कॅथलिक झाले. त्याच वर्षीच्या पुस्तकात ते वाक्य आहे. ते पुस्तक लिहिण्याची गरज का पडली, हे मात्र वाक्य फेकणारे सहसा सांगत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली ख्रिस्तसभा (चर्च) आपल्या काळातल्या रोमसारखी दिसत नाही, हे न्यूमन यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी मांडलं की ख्रिस्ती सिद्धान्त सुरुवातीला बीजरूपात असतात आणि काळाच्या ओघात उलगडत जातात. विचार भक्कम आहे. त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण चौथ्या शतकात जशी शब्दबद्ध झाली, ती प्रोटेस्टंटही मानतातच. पण उलगडलेलं कोणतं आणि मागाहून चिकटवलेलं कोणतं, हे ठरवायचं कोणी? न्यूमन म्हणतात, त्यासाठीच न चुकणारा अधिकार हवा. म्हणजे इतिहासावरून अधिकार सिद्ध करायचा आणि त्या इतिहासाचा अर्थही त्याच अधिकाराने लावायचा. माझ्या मते वादाची खरी गाठ इथे आहे. बाकीचे सगळे मुद्दे फिरून इथेच येतात.

इतिहास वाचून माणूस उलट दिशेलाही गेला आहे. म्युनिकचे इग्नाट्स फॉन ड्योलिंगर हे १९व्या शतकातले नाणावलेले चर्च-इतिहासकार, स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ५३३ विरुद्ध २ मतांनी जाहीर केलं की विशिष्ट अटींवर पोपनी दिलेला श्रद्धाविषयक निर्णय चुकू शकत नाही. (त्याआधी बरेच विरोधक बिशप मतदान टाळून रोमबाहेर पडले होते, हे आकडा वाचताना लक्षात ठेवावं.) प्राचीन ख्रिस्तसभेला हा सिद्धान्त माहीत नव्हता, असं म्हणत ड्योलिंगरनी तो नाकारला आणि १८७१ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. ते प्रोटेस्टंट झाले नाहीत. तेव्हा वाचनाने माणूस कुठे पोचेल हे इतकं ठरलेलं नसतं.

मित्राशी बोलायला एकच प्रसंग निवडायचा असेल तर मी इ. स. २५६ निवडेन. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप, म्हणजे पोप, स्टीफन यांचं जोरात भांडण झालं. फुटीर गटाने दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का, हा प्रश्न होता. स्टीफन म्हणाले, मानायचा. सिप्रियन म्हणाले, ख्रिस्तसभेबाहेर बाप्तिस्मा नाहीच, पुन्हा द्या. त्यांनी आफ्रिकेतल्या बिशपांची सभा भरवली, ८७ बिशपांची मतं नोंदवली, आणि आरंभीच बजावलं की आपल्यापैकी कोणी स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही. टोमणा कुणाला होता, ते उघड आहे. सिप्रियन शेवटपर्यंत नमले नाहीत. २५८ मध्ये ते हुतात्मा झाले आणि रोमही त्यांना संत मानतं.

प्रोटेस्टंट इथे टाळी वाजवतो. त्याने जरा थांबावं. पुढे पश्चिमेत टिकली ती स्टीफन यांचीच भूमिका; आज अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही कॅथलिक बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. शिवाय ज्या सिप्रियननी रोमला विरोध केला, त्यांनीच ऐक्यावर असा ग्रंथ लिहिला की त्यातली वेगळं होणाऱ्यांवरची टीका वाचताना १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांचे कान लाल व्हावेत. त्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणाचे दोन पाठ मिळतात. पोप ज्याचे वारस मानले जातात त्या प्रेषित पेत्राच्या अग्रस्थानावर एकात जोर आहे, दुसऱ्यात तो पातळ केलेला आहे. दोन्ही सिप्रियन यांच्याच हातचे, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. एकाच माणसाच्या लेखणीतून दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. तिसऱ्या शतकात ऐक्य हवं होतं सगळ्यांनाच, पण मतभेदात शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं, असं मला यातून दिसतं.

ते पुढेही बराच काळ ठरलं नव्हतं. १४०९ पासून एकाच वेळी तीन जण पोपपदावर दावा सांगत होते. कॉन्स्टन्सच्या परिषदेने एप्रिल १४१५ मध्ये ठराव केला की परिषदेचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आलेला आहे आणि पोपनाही तिचं ऐकावं लागेल. १८७० च्या ठरावाशी हे कसं जुळवायचं? कॅथलिक उत्तर असं की ४ जुलै १४१५ रोजी तिघांपैकी ज्यांना रोम खरे पोप मानतं त्या ग्रेगरी बारावे यांनी आपल्या वतीने परिषद रीतसर बोलावली आणि मग पद सोडलं. त्याआधीचे ठराव बंधनकारक नव्हेत. उत्तर कायद्याच्या भाषेत चोख आहे, पण ते १४१५ मध्ये तिथे बसलेल्यांना पटलं असतं असं मला वाटत नाही. याच परिषदेने दोन दिवसांनी चेक सुधारक यान हुसला पाखंडी ठरवलं आणि त्याला जाळण्यात आलं.

आणि हुसच प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या गळ्यात पडला. १५१७ चा वाद पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पापक्षमापत्रांवरून सुरू झाला होता. १५१९ मध्ये लाइपझिगच्या जाहीर वादात योहान एक् या कॅथलिक पंडिताने ल्यूथरला कोंडीत पकडलं: तुमचं म्हणणं तर हुससारखंच आहे, मग कॉन्स्टन्सची परिषद चुकली का? ल्यूथर म्हणाला, हुसची काही मतं खरी ख्रिस्ती होती, आणि परिषदाही चुकू शकतात. त्यानंतर विषय पापक्षमापत्रांचा राहिलाच नाही.

आता मित्राचा दुसरा प्रश्न. हजारो पंथांचे जे आकडे फिरतात ते सोडून द्या. त्या मोजणीत प्रत्येक देशातली संघटना वेगळी धरतात आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्सही त्यातच येतात. पण मुद्दा आकड्याविनाही उभा राहतो. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. १५ पैकी १४ कलमांवर एकमत झालं आणि प्रभुभोजनावर, म्हणजे त्या विधीतल्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरंच असतं का यावर, सगळं अडलं. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द ल्यूथरने मेजावर खडूने लिहिले आणि तो तिथून हलला नाही. दोघांपुढे एकच बायबल, दोघांना त्याचा अर्थ स्वच्छ वाटत होता, आणि निवाडा करायला तिसरं कोणी नव्हतं. नव्या कराराची २७ पुस्तकं हीच, हे ओळखण्याचं कामही ख्रिस्तसभेतच झालं. आपल्याला माहीत असलेली नेमकी यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ३६७ च्या पत्रात येते. पुस्तकांचा अधिकार ख्रिस्तसभेने दिला नाही, फक्त ओळखला, असं आम्ही म्हणतो. मला ते पटतं. पण ओळखणाऱ्यावर तेवढ्यापुरता का होईना विश्वास टाकावा लागतो, हे आमच्यातले बरेच जण मान्य करत नाहीत.

सिद्धान्तांवर जुळूनही ऐक्य अडतं, याचे दोन दाखले आहेत. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला प्रोटेस्टंट बाजूचे मेलांक्थॉन आणि ब्यूत्सर यांच्यासमोर एक् बसला होता आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल कोंतारिनी आले होते. माणूस नीतिमान कसा ठरतो, या कळीच्या कलमावर चक्क तोडगा निघाला. बोलणी फिसकटली ती प्रभुभोजनावर आणि ख्रिस्तसभेच्या अधिकारावर. मान्य झालेलं कलमही पुढे रोमला रुचलं नाही आणि ल्यूथरलाही. मग ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला व्हॅटिकन आणि लुथेरन जागतिक महासंघ यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तरी लुथेरन माणसाला आजही कॅथलिक मिस्सामध्ये (उपासनेत) सहसा प्रभुभोजन घेता येत नाही, आणि २००० मध्ये रोमने पुन्हा लिहिलं की असे समुदाय खऱ्या अर्थाने ‘चर्च’ नाहीत. हे वाचून मला राग आला होता. पण बिशपपदाची अखंड परंपरा हा चर्चचा गाभा मानला की तेच निष्पन्न होतं, हेही खरं.

तेव्हा मित्राशी बोलायचंच असेल तर पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या आवाहनावर बोला. रोमच्या बिशपाचं अग्रपद सर्वांना मान्य होईल अशा रीतीने कसं चालवता येईल, हे त्यांनी इतर चर्चच्या नेत्यांना आणि धर्मपंडितांना आपल्याबरोबर शोधायला सांगितलं होतं. आलेल्या प्रतिसादांचा आढावा व्हॅटिकनने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. १८७० च्या ठरावांकडे नव्याने पाहावं, ही सूचनाही त्यात नोंदलेली आहे. त्या ठरावांना किती मुरड घालता येईल हे तुमच्या मित्राला विचारा, आणि तेवढं झालं तर तुम्ही स्वतः किती पुढे याल, हेही त्याला सांगा.