शेवटच्या वळणावरचे सुके टायर

प्रश्न : २००८च्या ब्राझीलमधल्या फॉर्म्युला वन कार शर्यतीत टोयोटाच्या ग्लॉकने हॅमिल्टनला मुद्दाम वाट दिली, असं आमच्याकडे अजून ठासून सांगतात. खरं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाट दिली नाही. हा आरोप त्या ड्रायव्हरवर अन्याय करणारा आहे.

आधी गुण बघा. २ नोव्हेंबरला इंटरलागोस ट्रॅकवरच्या, मोसमातल्या त्या शेवटच्या शर्यतीआधी हॅमिल्टन ९४, किताबासाठी त्याच्याशी झुंजणारा मासा ८७. पहिल्याला १०, पाचव्याला ४, सहाव्याला ३ असा तेव्हाचा हिशेब. मासा जिंकून ९७वर पोचला. हॅमिल्टन सहावा आला असता तर त्याचेही ९७च. मग जिंकलेल्या शर्यती मोजून (६ विरुद्ध ५) किताब मासाला गेला असता.

शेवटी पाऊस आला. पुढच्या गाड्यांनी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) शिरून हलक्या पावसाचे इंटरमीडिएट टायर चढवले. ग्लॉक सुक्या टायरवरच राहिला आणि सातव्यावरून चौथा झाला. हॅमिल्टनला मात्र फेटेल या आणखी एका ड्रायव्हरने मागे टाकलं, तो सहावा. सर वाढली ती अगदी शेवटच्या फेऱ्यांत. त्या वर्षीच्या सुक्या टायरला चार सरळ खाचा असत, पण त्या पकड कमी करण्यासाठी होत्या, पाणी बाहेर फेकायला नव्हे. शिवाय ते रबर तापलं तरच धरतं. ओल्यात वेग उतरतो, म्हणून टायरवर जोर कमी पडतो, तो गार होतो, वेग आणखी उतरतो. चाकं नुसती फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणेवर त्याच वर्षी बंदी आली होती. जुन्साओ हे त्या ट्रॅकवरचं शेवटचं महत्त्वाचं डावं वळण, पुढे चढ; तिथे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं नुसती फिरणार. फेटेल आणि हॅमिल्टन तिथेच पुढे गेले. हॅमिल्टन पाचवा, ९८ गुण. ग्लॉक सहावा, म्हणजे सातव्यापेक्षा एक जागा वरच! टोयोटाचा निर्णय चुकला नव्हता.

प्रश्न : परशुराम घाटात पावसात ब्रेक दाबला की कार सरकते. टायरला नक्षी तर दिसते.
– एक वाचक, खेड

उत्तर : दिसते, पण किती खोल? खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, ही कायद्याची किमान मर्यादा. कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही. ३ मिमीवर आली की जूनआधीच टायर बदला. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, नाहीतर वळणावर मागची बाजू सुटते. हवा टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. हवा कमी असेल तर गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागते.