खोडातला जिवाणू

प्रश्न : औषधी वनस्पतींच्या आत राहणारे जिवाणू प्रतिजैविकं बनवतात म्हणे. मग ते प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवून बघायचे सोडून त्यांचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, कशाला वाचायचा?

उत्तर : मी वर्षानुवर्षं ताटलीतच बघत आले. खोडाचा तुकडा अल्कोहोलात, मग ब्लीचमध्ये बुडवायचा, धुवायचा आणि शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या ताटलीत पसरायचं. त्यात काही उगवलं, तर मेहनत फुकट. जिवाणू बाहेरचाच असू शकतो. पण ती कोरी राहिली आणि तुकड्यापाशी खडूसारखी पांढरी, ओल्या मातीच्या वासाची वसाहत आली, की दिवस सोन्याचा! ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे आदिवासी जखमेवर वापरत त्या केनेडिया वेलीत असाच एक जिवाणू, स्ट्रेप्टोमायसिस, सापडला. त्याची मुनुम्बिसिन ही प्रतिजैविकं २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पण ताटलीत जिवाणू सगळं दाखवत नाही. त्याच वर्षी मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसचा जीनोम वाचला गेला : सुमारे ८७ लाख अक्षरं आणि अशी रसायनं घडवणारे २० हून अधिक जनुकसमूह. आधी त्यातले मोजकेच ठाऊक होते! म्हणून आता मी जीनोम आधी वाचते. जुनंच प्रतिजैविक असेल तर बहुधा तिथेच कळतं, महिने वाचतात. ताटलीत गप्प राहिलेल्या जनुकांना जागं करायला मात्र पुन्हा ताटलीच लागते : अन्न बदलायचं, शेजारी दुसरा जिवाणू वाढवायचा, वाट बघायची.