मिलफर्ड साउंडमध्ये काळं प्रवाळ १० मीटरवरच कसं दिसतं?

प्रश्न रास्त आहे, कारण काळं प्रवाळ एरवी बरंच खोल, अंधारात वाढतं. न्यूझीलंडच्या या फियॉर्डमध्ये (हिमनदीने कोरलेल्या अरुंद, खोल खाडीत) अंधारच वर आलेला आहे. इथे वर्षाला ६ मीटरहून जास्त पाऊस पडतो. रानातल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क घेऊन ते पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि खाऱ्या पाण्यावर काही मीटर जाडीचा गोडा थर धरतं. तोच उजेड अडवतो.

१९९३ पासून राखीव असलेल्या पट्ट्यातल्या खडकाच्या भिंतीवर जीवांचे थर स्पष्ट दिसतात. गोड्या थरात निळे शिंपले आणि हिरवं शेवाळ, बाकी फारसं काही नाही. शिंपल्यांची खालची कड मात्र सुरीने कापल्यासारखी असते, कारण तारामासे त्यांना फस्त करतात. पण गोडं पाणी तारामाशांना सोसत नाही, म्हणून ते वर चढत नाहीत. त्याखाली, साधारण १० ते ४० मीटरांत, खरी दाटी: स्पंज, नळीकिडे, काळं प्रवाळ. काळं फक्त नावाला. सांगाडा काळा, जिवंत झाड पांढरंशुभ्र, फांदीला सर्पतारा (तारामाशाचा लांब, लवचीक हातांचा भाऊबंद) वेटोळे घालून बसलेला. तो फांदी साफ ठेवतो. आणखी खाली जीव विरळ होत जातात.

डुबकी मारणार असाल तर वजन खाऱ्या पाण्याच्या हिशेबाने बांधा. गोड्या थरात जुळवलेलं वजन खाली कमी पडतं, तेही तुमच्या आणि साहित्याच्या एकूण वजनाच्या सुमारे अडीच टक्के इतकं, तोल जातो आणि फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) एक फटका दशकानुदशकं वाढलेली फांदी मोडतो.