चहाच्या डब्यातल्या जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्यावर सिंह आणि जहाजाचा नांगर आहे, पण राजाचं डोकं नाही. चमचा नकली आहे का?

नाही, तेवढ्यावरून नकली ठरत नाही. बहुधा तो 1890 नंतरचा असेल. डोक्याचा शिक्का म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, आणि ती 1784 ते 1890 एवढीच चालली. सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, नांगर म्हणजे चांदी तपासून शिक्का मारला तो बर्मिंगहॅम शहरात. नेमकं साल शेजारच्या अक्षरावरून काढा. तिथे ते दरवर्षी बदलायचं. मात्र शिक्के खरे असले तरी चमचा खरा असेलच असं नाही. खरे शिक्के असलेल्या साध्या टीस्पूनचा दांडा कापून, वाटी ठोकून शिंपल्यासारखी करतात आणि तो चहाच्या डब्यातला चमचा म्हणून खपवतात. भिंगातून बघा: शिक्के ताणलेले किंवा कापल्या कडेला अर्धवट दिसले, तर सरळ सोडून द्या.