'पर्यंत'ने घात केला होता

तुम्ही लिहिलंय की इंग्रजीतल्या इन, ऑन, ॲट अशा जोडशब्दांची यादी तोंडपाठ आहे, तरी ऑफिसचा मेल लिहिताना अडखळायला होतं आणि साहेब लाल खुणा करून परत पाठवतात. वाचून माझीच जुनी वर्षं आठवली. मीही मराठी माध्यमाची, पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर माझी शाळा संपत आली होती. मी शिक्षिका नाही, अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा जाणकारांनी चूक काढली तर मला मान्य.

इन-ऑन-ॲट सोडून देते, ते तुम्हाला येतंच. मला महागात पडलं ते 'पर्यंत'. हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखत छान झाली. कधी रुजू व्हाल, असं त्यांनी मेलवर विचारलं. माझ्या मनात होतं, '15 जुलैपर्यंत येते'. लिहिलं, 'आय विल बी अव्हेलेबल टिल फिफ्टीन्थ जुलै'. त्याचा अर्थ होतो, 15 जुलैपर्यंतच आहे, पुढे नाही! दोन दिवसांनी उत्तर आलं, आम्हाला कायमचं माणूस हवंय. मला काही कळेचना.

तेव्हा पेठेतल्या एका क्लासला जात होते. मेलची प्रिंट घेऊन गेले. सरांनी वरवर नजर फिरवली, मला वही उघडायला लावली, 'टिल म्हणजे पर्यंत' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'बरोबर आहे की, कारण दुसरं काही असेल.' मी विश्वास ठेवला आणि पुढचे सात-आठ महिने तसेच मेल लिहीत राहिले. त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी विचारायला कुणी नसतं, ती मुलं क्लासच्या शब्दावर चालतात. त्यांची वाक्यं नीट वाचायला हवीत, हातात यादी देऊन भागत नाही.

शेवटी ऑफिसातल्या एका वयाने मोठ्या बाईंनी पाच मिनिटांत उलगडून सांगितलं. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघायचं. '15 तारखेच्या आत येते' चालतं, म्हणजे तिथे इंग्रजीत 'बाय'. 'शुक्रवारपर्यंत थांबते' याचं 'शुक्रवारच्या आत थांबते' होत नाही, म्हणजे टिल. 'पासून'लाही अशीच युक्ती आहे. 'सहा वर्षांपासून' हे 'गेली सहा वर्षं' असं म्हणता येतं, तिथे फॉर. '2019पासून' तसं फिरवता येत नाही, तिथे सिन्स. 'सिन्स सिक्स इयर्स' आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं, पण मेलमध्ये नको.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: याद्या बंद करा. आपण मराठीत घरात, घरावर, घरापाशी असं नामाला चिकटवतो, म्हणून इंग्रजीतही नामाकडेच बघत बसतो. इंग्रजीत पुढे काय लागणार ते पुष्कळदा आधीचा शब्द ठरवतो. लग्न 'त्याच्याशी' झालं तरी मॅरीड टू, 'कुत्र्याला' भितो तरी अफ्रेड ऑफ, आणि डिस्कसपुढे अबाउट लागतच नाही. वहीत शब्द असे जोडीनेच लिहा. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात या जोड्या शब्दाजवळच दिलेल्या असतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी प्रत बघा, नवीच हवी असं नाही.

आणि साहेबांनी लाल केलेली दोन-चार वाक्यं नावं काढून इथे टाका. त्यांत 'पर्यंत' आणि 'पासून' कुठे दडलेत ते आधी शोधू.